लोकनायक बापूजी अणे काँग्रेसचे होते की काँग्रेसविरोधी?

तुम्ही विचारलंय की यवतमाळात ज्यांच्या नावानं महाविद्यालय आहे ते बापूजी अणे नेमके कोणाचे, आणि व्हाइसरॉयच्या मंडळात बसलेल्या माणसाला ‘लोकनायक’ का म्हणायचं. मी पुसद तालुक्यातला. आमचं वावर राखीव जंगलाला लागून आहे, म्हणून जंगलापासूनच सांगतो.

१९३० साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं, पण वऱ्हाडात समुद्र कुठला? अकोल्याकडे दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींचं पाणी आटवून मीठ काढलं गेलं. पाऊस लागल्यावर तेही जमेना. शिवाय आमच्याकडच्या शेतकऱ्याला रोज छळत होता तो जंगल खात्याचा कायदा. चराईची फी, गवताचा पास, आणि ढोर हद्दीत शिरलं की कोंडवाडा. माझी आजी म्हातारपणीही नाकेदाराचं, म्हणजे जंगल खात्याच्या पहारेकऱ्याचं, नाव निघालं की आवाज खाली आणायची. इतका तो धाक हाडात मुरलेला होता. बापूजींनी मोडायला हाच कायदा घेतला. जुलै १९३० मध्ये पुसदजवळच्या राखीव जंगलात शिरून त्यांनी विनापरवाना गवत कापलं आणि सहा महिन्यांची शिक्षा घेतली. त्याच महिन्यात यवतमाळजवळ डॉ. हेडगेवारांनीही जंगल सत्याग्रह केला. मला यात बापूजींमधला वकील दिसतो. पक्षकाराचं खरं दुखणं कोणतं हे ओळखून त्यांनी नेमकं तेच कलम पुढे केलं. गवताची पेंढी म्हणजे काय हे गावातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं.

ते मूळचे वणीचे, जन्म २९ ऑगस्ट १८८०. काही वर्षं अमरावतीला शिक्षक होते, मग यवतमाळला वकिली सुरू केली. टिळकांचे कट्टर अनुयायी. आज ‘लोकमत’ घराघरात येतो, पण त्या नावाचं साप्ताहिक यवतमाळात पहिल्यांदा निघालं ते बापूजींच्या पुढाकारानं, हे आमच्याच जिल्ह्यात फार थोड्यांना माहीत आहे.

आता तुमचा प्रश्न. कायदेमंडळात जाऊन सरकारला आतून अडवावं, हे टिळकांचं धोरण त्यांनी गांधीयुगातही सोडलं नाही. म्हणून १९२६ च्या सुमारास ते केळकर, जयकर, मुंजे यांच्याबरोबर प्रतिसहकार पक्षात दिसतात. भारताच्या राज्यघटनेचा आराखडा करणाऱ्या १९२८ च्या मोतीलाल नेहरू समितीतही ते होते. पुढे सगळे नेते तुरुंगात असताना काँग्रेसचं हंगामी अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, आणि १९३३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी कायदेभंग तात्पुरता थांबवल्याची घोषणाही त्यांनीच केली. पुढच्याच वर्षी, धर्मावर आधारलेले वेगळे मतदारसंघ देणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्याला काँग्रेसनं स्पष्ट विरोध केला नाही म्हणून ते आणि मदनमोहन मालवीय बाहेर पडले आणि त्यांनी काँग्रेस नॅशनलिस्ट पक्ष काढला. काँग्रेसविरोधी म्हणाल तर मला पटत नाही. ते काँग्रेसशी भांडणारे काँग्रेसवाले होते.

खरा अवघड भाग १९४१ नंतरचा. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते परदेशस्थ हिंदी, म्हणजे भारतीय, लोकांच्या खात्याचे सदस्य झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये चंद्रपूरकडचं आपलं चिमूर पेटलं. जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले, त्यानंतर आलेल्या फौजेनं गावावर आणि बायाबापड्यांवर जे अत्याचार केले ते आजही चिमूरकडे दबक्या आवाजातच सांगतात. सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी चौकशीची मागणी घेऊन थेट दिल्लीला बापूजींच्या घरी गेले. विदर्भाचा माणूस सरकारात बसलाय, त्यानं तरी चिमूरला यावं, एवढंच मागणं. बापूजींनी असमर्थता सांगितली. भन्साळींनी त्यांच्याच घरी उपोषण सुरू केलं. पोलिसांनी त्यांना तिथून हलवलं, तरी उपोषण सुटलं नाही. ते ६३ दिवस चाललं.

बापूजींबद्दल मनात कितीही आदर असला तरी इथे मला त्यांची बाजू घेता येत नाही. त्यांनी चिमूरसाठी राजीनामा द्यायला हवा होता. दिला तो काही आठवड्यांनी, फेब्रुवारी १९४३ मध्ये. आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचं उपोषण चालू होतं, सरकार त्यांना सोडायला तयार नव्हतं, तेव्हा मंडळातलेच होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह ते बाहेर पडले. त्याच वर्षी सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून गेले आणि १९४७ पर्यंत तिथे राहिले. परत आल्यावर १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल.

राज्यपालपद भोगलेला माणूस सहसा घरी बसतो. बापूजी वयाच्या ऐंशी पार १९६२ ची लोकसभा नागपुरातून अपक्ष लढले आणि निवडून आले, तेही वेगळ्या विदर्भाच्या मागणीवर. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगानं विदर्भाचं वेगळं राज्य सुचवलं होतं, ते झालं नाही, आणि बापूजींनी ती मागणी शेवटपर्यंत सोडली नाही. २०१६ मध्ये त्यांचे नातू श्रीहरी अणे यांनी राज्याचं महाधिवक्तापद सोडलं, त्याच्या मुळाशीही वेगळ्या राज्याचाच विषय होता, फक्त निमित्त झालं ते मराठवाड्याच्या वेगळ्या राज्याबद्दलचं त्यांचं वक्तव्य.

२६ जानेवारी १९६८ ला ते गेले. त्यांनी टिळकांवर लिहिलेल्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या संस्कृत महाकाव्याला त्यानंतर, १९७३ मध्ये, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

‘लोकनायक’ म्हणायचं का, हे तुम्ही ठरवा. आमच्याकडची जुनी माणसं म्हणत आली ती दिल्लीतल्या खुर्चीमुळे नव्हे, पुसदच्या जंगलातल्या त्या गवतामुळे. मीही म्हणतो, चिमूर लक्षात ठेवून.