डॉक्टर बदलला म्हणून मालिका सोडू नकोस

'डॉक्टर हू' ही ब्रिटिश विज्ञानकथा मालिका बघायला घेतोयस, तर १९६३ पासून सगळं क्रमाने बघण्याचा हट्ट धरू नकोस. तिचा नायक, डॉक्टर, मरणाच्या दारात पुनर्जन्म घेतो, म्हणजे त्याला नवं शरीर आणि नवा चेहरा मिळतो, आणि त्याचा नट बदलतो. २००५ च्या पर्वापासून सुरुवात कर. त्यातला क्रिस्टोफर एकल्स्टनचा डॉक्टर एकाच पर्वात जातो आणि डेव्हिड टेनंट येतो. तुला राग येईल, येऊ दे. पण नव्या डॉक्टरला तीन-चार भाग तरी दे, आणि त्यात डॉक्टरसोबत फिरणाऱ्या रोझकडे जास्त लक्ष ठेव. हा खरंच तोच माणूस आहे का, हा तुझा प्रश्न तिलाही छळत असतो.

मग मागे १९६६ मध्ये जा. पहिला डॉक्टर साकारणाऱ्या विल्यम हार्टनेल यांची तब्येत ढासळत होती आणि मालिका तर चालू ठेवायची होती. त्यांच्यासारखा दिसणारा नट शोधणं सोपं होतं. त्याऐवजी पॅट्रिक ट्रॉटन आले आणि त्यांनी आधीच्या डॉक्टरची नक्कल न करता खट्याळ, बासरी वाजवणारा, अगदी निराळा डॉक्टर उभा केला. माझ्या मते मालिकेतला सर्वांत धाडसी निर्णय हाच. त्यांच्या पहिल्या कथेचे सहाही भाग आज उपलब्ध नाहीत, पण मूळ ध्वनिमुद्रण वाचलं. त्यावर २०१६ मध्ये ॲनिमेशन झालं, ते जरूर बघ.

डॉक्टर फक्त बाराच पुनर्जन्म घेऊ शकतो, या मर्यादेवरून वाद घालत बसू नकोस. ती १९७६ मध्ये आली आणि २०१३ मध्ये डॉक्टरला पुनर्जन्मांचं नवं चक्र मिळालं.