'पंट कव्हरेज'ला मराठीत काय म्हणावं?

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका वाचक भगिनींचा प्रश्न आहे. त्यांचा मुलगा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात 'पंट कव्हरेज'ला असतो. पुण्यातल्या आजोबांना हे सांगताना 'संरक्षण' म्हणावं की 'पाठलाग'? आणि प्रशिक्षकांच्या तोंडी सतत येणाऱ्या 'लेन', 'कंटेन', 'ब्रेकडाऊन', 'गनर' या शब्दांचं काय करावं?

माझं उत्तर: या दोन्हींपैकी एकही शब्द नको. 'कोंडी' म्हणा. का, ते सांगायला आधी खेळात काय घडतं ते पाहावं लागेल.

चेंडू ताब्यात असलेल्या संघाला १० यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. तीन वाया गेल्या आणि अंतर बरंच उरलं, तर चौथ्या संधीला बहुतेकदा चेंडू लाथेने लांब उडवून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करतात. हा पंट. ओळीच्या मधोमध वाकलेला लाँग स्नॅपर पायांमधून चेंडू मागे फेकतो (हा स्नॅप), सुमारे १५ यार्ड मागे उभा असलेला पंटर तो झेलतो, हातातून सोडतो आणि जमिनीला लागायच्या आत लाथाडतो. स्नॅपपासून लाथेपर्यंत जेमतेम दोन सेकंद जातात. तेवढ्या वेळात प्रतिस्पर्धी पंटरवर धावून येतात आणि त्यांना थोपवण्याचं काम बाकीचे करतात. त्या खेळात 'संरक्षण' म्हणतात ते याला. हा शब्द कव्हरेजला लावलात, तर आजोबांच्या डोळ्यांसमोर लाथेच्या आधीचं चित्र उभं राहील आणि नातवाचं खरं काम तर लाथेनंतर सुरू होतं: चेंडू झेलून परत धावत येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला अडवायचं.

'पाठलाग' जवळचा वाटतो, कारण मुलं जिवाच्या आकांताने धावत सुटतात. पण पाठलागात पुढचा पळत असतो आणि आपण त्याच्या मागे असतो. खो-खोमुळे हा अर्थ आपल्या मनात पक्का बसला आहे. पंटमध्ये चेंडू झेलणारा समोर असतो आणि झेलल्यावर तो तुमच्याच दिशेने येतो. तुमच्यातली एक फट शोधून त्यातून निसटणं, एवढंच त्याला करायचं असतं. म्हणून कव्हरेज शिकवणाऱ्यांचा भर पकडण्याइतकाच, कधी कधी त्याहून जास्त, फटी बुजवण्यावर असतो. चेंडूकडे सगळे एकदम धावले, तर एका हुलकावणीत सगळे बाद होतात.

इथे लेन येते. प्रत्येकाने मैदानाची एक उभी पट्टी सांभाळत पुढे जायचं. मैदान सुमारे ५३ यार्ड रुंद आहे आणि माणसं अकराच, त्यातला पंटर मागे शेवटचा राखणदार म्हणून थांबतो. त्यामुळे लाथ बसल्यावर आधी फाकायचं आणि झेलणारा जवळ आला की दोन्ही बाजूंनी आवळत आणायचं. वाटेत अडवणारा लांब असेल तर वेगाने त्याला चुकवायचं, अगदी अंगाशी आला असेल तर हातांनी भिडून पार व्हायचं. चुकवताना लेन सुटली तरी पुढे ती पुन्हा धरायची. आपल्याच रंगाच्या जर्सीमागे धावू नका, हा प्रशिक्षकांचा नेहमीचा धोशा असतो. दोघे एकामागे एक आले, की शेजारची लेन मोकळी पडलीच समजा.

आजोबा आट्यापाट्या खेळले असतील, तर त्यांना हे झटकन कळेल. पाटीवाला आपली पाटी सोडून भलतीकडे धावत नाही. मात्र तिथली पाटी आडवी आणि इथली लेन उभी, म्हणून 'पाटी' शब्द मी सुचवत नाही. रस्त्यामुळे आणि धावण्याच्या शर्यतींमुळे 'लेन' मराठीत रुळलेला आहे, तोच ठेवावा.

'कंटेन' म्हणजे अगदी कडेच्या खेळाडूची जबाबदारी: चेंडूवाल्याला आपल्या बाहेरून निसटू द्यायचं नाही, आत गर्दीकडे वळवायचं. 'कड राखणे' हे मला पुरेसं वाटतं. 'ब्रेकडाऊन' मात्र जरूर बदलावा, कारण मराठी माणसाला त्यात बंद पडलेली गाडी दिसते. प्रशिक्षकांना म्हणायचं असतं ते असं: शेवटच्या काही यार्डांत वेग आवरा, पावलं बारीक करा, बूड खाली घ्या, मान ताठ ठेवा, नजर त्याच्या कमरेवर असू द्या. डोकं आणि खांदे हूल देतात, कंबर देत नाही. याला सरळ 'सावरून उभं राहणं' म्हणावं. भरधाव येऊन झेप घेणारा बहुतेकदा हवेत हात मारतो.

आता 'कोंडी'बद्दल. वाहतुकीची कोंडी, चर्चेतली कोंडी आपण रोज म्हणतो आणि तिच्यासोबत 'कोंडी फोडणे' हा प्रयोगही तयारच आहे. झेलणारा जेव्हा सगळ्यांना चुकवून सुसाट निघतो, तेव्हा त्याने नेमकं हेच केलेलं असतं. १९ डिसेंबर २०१० रोजी न्यूयॉर्क जायंट्स आणि फिलाडेल्फिया ईगल्स ३१-३१ असे बरोबरीत असताना, अखेरच्या सेकंदांत जायंट्सच्या मॅट डॉजने पंट मारला. तो मैदानाबाहेर मारायची सूचना होती. पण चेंडू ठेंगणा, सरळ डीशॉन जॅक्सनकडे गेला. जॅक्सनच्या हातून तो सुटलाही, तरी उचलून त्याने ६५ यार्डांची धाव पूर्ण केली आणि ईगल्स ३८-३१ जिंकले. चेंडू हवेत रेंगाळलाच नाही, तर कोंडी करणारे पोहोचणार कधी? चांगला पंट साडेचार सेकंद हवेत राहतो आणि वेगवान खेळाडू ४० यार्ड साधारण तेवढ्याच वेळात कापतो. पंटरची उंची आणि धावणाऱ्यांचे पाय यांचा हिशेब असा जुळावा लागतो. ४८ यार्डांचा पंट मारला आणि १२ यार्ड परत दिले, तर हाती ३६ उरतात. प्रशिक्षक मोजतात ते हे ३६.

म्हणून पूर्ण शब्द हवा असेल तर 'परतीची कोंडी' म्हणा, कारण कोंडायची असते ती चेंडूची परतीची धाव. पण पास झेलायला धावणाऱ्याला सांभाळण्यालाही त्या खेळात कव्हरेजच म्हणतात. तिथे 'कोंडी' वापरू नका, 'राखण' चालेल.

राहिला 'गनर'. दोन टोकांना उभे राहणारे हे खेळाडू. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये लाथ बसण्याआधी फक्त या दोघांनाच पुढे धावता येतं, कॉलेजच्या खेळात सगळ्यांनाच मुभा असते. त्या दोन सेकंदांची किंमत म्हणून त्यांच्यासमोर अनेकदा दोन-दोन अडवणारे उभे असतात. बफेलो बिल्सच्या स्टीव्ह टास्करने प्रामुख्याने याच कामावर नाव कमावलं आणि सात वेळा प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडला गेला. 'बंदूकवाला' किंवा 'तोफची' म्हणून या कामाबद्दल काहीच कळत नाही, तेव्हा 'गनर' तसाच राहू द्या. मुलगा गनर असेल, तर आजोबांना एवढं सांगा: तो सगळ्यात आधी पोहोचतो, पण झेलणाऱ्याने 'मी झेलून धावणार नाही' अशी खूण म्हणून हात उंचावून हलवला असेल, तर त्याला धक्का न लावता थांबतो.