वाचकांचे प्रश्न : तार कंपाउंडला खाडीची नोटीस

प्रश्न : मी मूळचा अहमदपूर तालुक्यातला, जिल्हा परिषद शाळेवर रत्नागिरी जिल्ह्यात आहे. आंतरजिल्हा बदलीचं काही जमेना म्हणून इथंच खाडीकाठी थोडी जमीन घेतली. सिमेंटचे पोल रोवून जाळी मारली, खालच्या अंगाला चिऱ्याची भिंत घातली, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला पण आहे. आता तहसीलची नोटीस आलीय, सीआरझेडमध्ये (सागरी किनारा नियमन क्षेत्रात) विनापरवाना बांधकाम, काढून घ्या. दुसरं म्हणजे जुना बांध फुटून खालच्या तुकड्यात खारं पाणी शिरतंय, तिथं मुरूम टाकून जमीन नीट करायला गेलो तर वनखात्याची माणसं म्हणाली कांदळवन (खाऱ्या पाण्यात वाढणारी झाडं) आहे, हात लावू नका. सातबारा माझा, मग आडवतात कामून? – एक शिक्षक

उत्तर : गुरुजी, सगळ्यात आधी नोटिशीवर खुलाशाची मुदत किती दिलीय ते बघा, आणि त्या आत लेखी खुलासा देऊन पोच घ्या. आपल्याकडची बरीच मंडळी सातबाऱ्याची झेरॉक्स घेऊन तोंडी सांगायला जातात आणि साहेब "बरं बरं" म्हणले की निघून येतात, फाईलीत मात्र "खुलासा अप्राप्त" असंच पडतं.

आता दाखल्याचं. ग्रामपंचायतीला गावठाणातलं बघायचा अधिकार असेल, पण सीआरझेड हा १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा विषय आहे. पहिली अधिसूचना १९९१ ची, मग २०११ ची, आत्ताची १८ जानेवारी २०१९ ची. त्यातली परवानगी सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडून जाते, सरपंचाच्या शिक्क्याने ती भागत नाही.

मोजायचं कुठून, हा खरा मुद्दा आहे. आपल्याकडं बांध कोरला की भावकी भांडते आणि हद्द कायमची मोजणी आणली की विषय मिटतो (मिटत नाही, ते सोडा). किनाऱ्याला अजून एक रेघ असते, भरतीरेषा, म्हणजे भरतीचं पाणी जिथवर चढतं ती. २०१९ च्या अधिसूचनेत समुद्राच्या बाजूनं विरळ वस्तीच्या गावाला भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र (बांधकामाला बंदी असलेला पट्टा), आणि २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं असतील तर ५० मीटर. खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, जे कमी असेल ते. म्हणून भूमी अभिलेखकडून मोजणीची क प्रत घ्या आणि मंजूर किनारा आराखड्याच्या नकाशावर तुमचा गट नंबर कुठं पडतो ते लावून बघा. नोटीस देणाऱ्यानं हे दोन्ही कागद बघितले असतीलच असं नाही, मी तर म्हणतो बहुतेक नसतीलच. रेघेच्या बाहेर निघालात तर खुलासा दोन ओळींत होतो.

आत निघालात तर जाळी आणि भिंत एकाच वाक्यात घालू नका. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टसाठीच्या अटींत खाजगी जागेभोवती झाडांचं किंवा झाडोरा लावलेलं काटेरी तारेचं कुंपण चालतं असं लिहिलंय, फक्त लोकांची किनाऱ्यावर जायची वाट अडता कामा नये. रिसॉर्टला चालतं तर मास्तरला का नाही, हा मुद्दा जरूर मांडा, मात्र होड्या लावणाऱ्यांची जुनी पायवाट तुमच्या जाळीत आली असेल तर आधी तिथं जागा सोडा, कारण अशा तक्रारी बहुतेक तिथूनच निघतात. चिऱ्याची भिंत वाचवणं अवघड आहे, तिच्यापायी जाळीपण घालवू नका.

मुरमाचं ऐका, टाकू नका. भराव घालून भरतीचं पाणी अडवणं अधिसूचनेत निषिद्ध कामांत आहे, आणि कांदळवनाबद्दल मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ च्या निकालात मालकी कुणाचीही असो, तोड बंद आणि भोवती ५० मीटरात बांधकाम बंद असं सांगितलंय. म्हणजे तुमच्या सातबाऱ्यावर उगवलं तरी ते कांदळवनच. वर परवानगीशिवाय मुरूम आणला तर गौण खनिजाचा दंड वेगळा, आणि गुत्तेदार त्या दिवशी फोन उचलत नसतो. बांध फुटून पिकं गेली असतील तर, खारं पाणी अडवणाऱ्या असल्या बांधाला कोकणात खारबंदिस्ती म्हणतात, १९७९ चा खारभूमी विकास कायदा त्यासाठीच आहे. तुमचा बांध योजनेत आहे का ते खारभूमी विभागात विचारा, असला तर आजूबाजूच्या शेतकऱ्यांना घेऊन दुरुस्तीचा अर्ज करा. जिथं झाडं उभी राहिली तो तुकडा बहुतेक गेला असं धरून चाला, वाईट वाटतं पण खोटी आशा कशाला दाखवू.

प्रश्न : नाथसागराच्या (जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या) काठावर गाळपेर करतो, म्हणजे पाणी ओसरलेल्या जमिनीत पेरतो, हरणांसाठी पोल रोवून झटका मशीन (तारेत विजेचा झटका देणारं) लावायचंय. सीआरझेड लागतं का? – पैठण तालुक्यातून

उत्तर : नाही लागत, धरणाला भरती-ओहोटी नसते. पण जमीन संपादित, म्हणजे जलसंपदा खात्याची, तुमचा पट्टा एकसाली, तिथं पक्कं काही रोवता येणार नाही. शिवाय जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळं मशीनचं वनविभागाला लेखी विचारल्याशिवाय घेऊ नका, दुकानदार "चालतं की" म्हणला तरी.