स्वतः लिहिलेल्या कर्नलमध्ये सीपीयूचे परफॉर्मन्स काउंटर वाचायची सोय कशी करायची?

तुमचा प्रश्न असा आहे की फायनल इयरला आहात, इंटेलवर चालणारं ६४ बिटचं छोटं कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) स्वतः लिहिलंय, टायमर चालतो, प्रोसेस बदलतात, आणि आता कुठल्या प्रोसेसने किती इन्स्ट्रक्शन चालवल्या, किती वेळा कॅश मिस झाला हे प्रोसेसरमधल्या परफॉर्मन्स काउंटरने मोजायचंय, पण क्यूईएमयू या एम्युलेटरवर सगळीकडे शून्यच येतंय. मी हे काम दोनदा केलंय, एकदा इंटेलवर आणि नंतर रास्पबेरी पाय ४ वर, म्हणून जरा मोठं उत्तर लिहितो.

आधी त्या शून्याचं बघू. तुमचा कोड बहुतेक बरोबरच असेल. क्यूईएमयू जेव्हा नुसत्या सॉफ्टवेअरने प्रोसेसरची नक्कल करतं तेव्हा एक्स८६ चे हे काउंटर त्यात नसतातच, त्यांचा एमएसआर (प्रोसेसरचं खास रजिस्टर) वाचला की गुपचूप शून्य हातात येतं, खऱ्या मशीनवर नसलेला एमएसआर वाचला असता तर सरळ जनरल प्रोटेक्शन फॉल्ट आला असता. लिनक्स मशीनवर केव्हीएम (गेस्ट कर्नल खऱ्या प्रोसेसरवरच चालवायची सोय) चालू करा आणि सीपीयूचं मॉडेल 'होस्ट' द्या, मग गेस्टला काउंटर मिळतात. आणि कोडमध्ये सगळ्यात पहिल्यांदा सीपीयूआयडी या इन्स्ट्रक्शनचं दहावं पान, म्हणजे हेक्स ०ए, वाचा. ईएएक्स रजिस्टरच्या खालच्या ८ बिटमध्ये व्हर्जन, पुढच्या ८ मध्ये काउंटर किती, त्यापुढच्या ८ मध्ये ते किती बिटचे. व्हर्जन शून्य आलं तर पुढे कशालाच हात लावू नका, "सोय नाही" असं छापून थांबा.

प्रत्यक्ष मोजणं सुरू करणं अर्ध्या तासाचं काम आहे. व्हर्जन २ किंवा पुढचं असेल तर हेक्स ३८एफ हा ग्लोबल कंट्रोल, त्यात शून्य टाकून सगळं बंद करा, हेक्स सी१ म्हणजे पहिला काउंटर, तो शून्य करा, मग हेक्स १८६ मध्ये ४१००सी० लिहा. त्यातला सी० म्हणजे पूर्ण झालेल्या इन्स्ट्रक्शन, १६ वा बिट म्हणजे फक्त युजर मोडमधल्या मोजा, २२ वा बिट म्हणजे चालू. शेवटी ३८एफ मध्ये १ टाका. झालं, आकडा पळायला लागतो.

पण खरं काम इथून पुढे आहे, कारण काउंटरला फक्त मोजता येतं, कोणाचं मोजतोय हे त्याला माहीत नसतं, ते कर्नलने सांगायचं असतं. हे मला प्रोसेसरच्या मॅन्युअलच्या आधी लहानपणीच कळलेलं. आमचं घर सोलापुरात अशोक चौकाच्या मागे, भिंतीला भिंत लागून चादरीचा कारखाना. प्रत्येक मागाला एक पिक काउंटर लावलेला असायचा, तळहातात मावेल एवढी लोखंडी पेटी, काचेखाली आकड्यांची चाकं, माग एकदा फिरला की एक आकडा पुढे. मजुरी पिकवर, म्हणजे आडवा धागा किती वेळा टाकला त्यावर, पण काउंटर मागाला एकच आणि कामगार दोन, एक दिवसपाळीचा एक रातपाळीचा. मग मुकादम काय करायचा, तर पाळी बदलताना हातात वही घेऊन प्रत्येक मागापुढे उभा राहून आकडा लिहून घ्यायचा. काउंटर तो कधीच शून्यावर आणायचा नाही. आत्ताचा आकडा वजा मागच्या पाळीचा आकडा, तेवढे पिक तुझे. आणि चाकं ९९९९९ वरून परत शून्यावर गेलेली असली तरी त्याची वजाबाकी चुकायची नाही.

तुमच्या कॉन्टेक्स्ट स्विचमध्ये, म्हणजे प्रोसेस बदलणाऱ्या कोडमध्ये, अगदी हेच करायचंय. जुनी प्रोसेस उतरवताना काउंटर वाचा, ती चढली तेव्हा लिहून ठेवलेला आकडा वजा करा, फरक तिच्या प्रोसेस स्ट्रक्चरमधल्या ६४ बिटच्या बेरजेत टाका, आणि तोच वाचलेला आकडा नव्या प्रोसेसचा सुरुवातीचा आकडा म्हणून लिहा. वजाबाकी केल्यावर काउंटरच्या रुंदीचा मास्क लावा, म्हणजे त्यावरचे जादा बिट शून्य करा, बहुतेक इंटेलवर ४८ बिट असतात, म्हणजे ३ गिगाहर्ट्झला सायकल मोजत असाल तर साधारण २६ तासांनी चाकं एकदा फिरून शून्यावर येतात. एकापेक्षा जास्त कोर असतील तर सुरुवातीचा आकडा आणि वजाबाकी दोन्ही त्याच कोरवर झाले पाहिजेत, काउंटर प्रत्येक कोरचे स्वतंत्र असतात.

बरेच जण याउलट करतात, जुन्या प्रोसेसचा आकडा सेव्ह करायचा आणि ती परत आली की काउंटरमध्ये परत लिहायचा, रजिस्टरांसारखं. दिसायला सोपं, पण यात लई वाईट खड्डा आहे. हेक्स सी१ वाचताना पूर्ण ४८ बिट मिळतात पण लिहिताना फक्त खालचे ३२ बिट घेतले जातात आणि ३१ वा बिट वरपर्यंत पसरवला जातो. त्यामुळे छोट्या टेस्टमध्ये सगळं बरोबर येतं आणि आकडा सुमारे २१५ कोटींच्या पुढे गेला की मग काहीही दिसायला लागतं. नव्या प्रोसेसरवर पूर्ण रुंदीने लिहायला हेक्स ४सी१ पासून वेगळे पत्ते आहेत, पण ते आहेत का हे आधी पर्फ कॅपॅबिलिटीज एमएसआरच्या १३ व्या बिटमध्ये तपासावं लागतं. मुकादमाची पद्धत वापरली की या भानगडीत पडायलाच लागत नाही.

मोजणी बरोबर आहे का हे तपासायला एक साधं लूप लिहा, असेंब्लीत, एक डेक (एक वजा करणारी इन्स्ट्रक्शन) आणि एक जेएनझेड (शून्य नसेल तर मागे उडी), १० लाख वेळा. इन्स्ट्रक्शन २० लाख आणि वर थोड्या आल्या पाहिजेत. थोडा फरक इंटरप्टमुळे पडतो, त्याची काळजी नको, पण फरक हजारांत असेल तर एका प्रोसेसचं काम दुसरीच्या खात्यावर चढतंय असं समजा. नंतर शेजारीच सायकल मोजा आणि दोन्ही आकडे एकत्र बघा. मागाचा काउंटर धागा तुटलेला असताना सुद्धा माग फिरतोय तोवर पुढे जायचा, कापड मात्र तेवढं निघायचं नाही, सायकल आणि पूर्ण झालेल्या इन्स्ट्रक्शन यांच्यातही तेच अंतर असतं, प्रोसेसर मेमरीची वाट बघत उभा असला तरी सायकल वाढतच राहतात.

एवढं पक्कं झाल्याशिवाय इंटरप्टकडे जाऊ नका, ही कळकळीची विनंती आहे. ते झालं की मग सॅम्पलिंग. काउंटरमध्ये उणे १० लाख टाकायचे, उणे छोटा आकडा ३२ बिटच्या लिखाणात व्यवस्थित बसतो, १८६ मध्ये २० वा बिट पण लावायचा, कर्नलमधलेही सॅम्पल हवे असतील तर १७ वा सुद्धा, म्हणजे १० लाख इन्स्ट्रक्शन झाल्या की ओव्हरफ्लो होऊन इंटरप्ट येतो आणि त्या क्षणी कोड कुठे चालू होता तो पत्ता तुम्ही लिहून घेता. याच कामाला माझे आठ दिवस गेले. मे महिना, वरच्या मजल्यावरची खोली, दुपारी लाईट गेली की यूपीएसवर वीस मिनिटं, आणि इंटरप्ट यायचा तो फक्त एकदा, बूट झाल्यावर एक सॅम्पल आणि नंतर काहीच नाही. हँडलर शंभर वेळा तपासला. कारण निघालं लोकल एपिकमध्ये, म्हणजे प्रत्येक कोरच्या स्वतःच्या इंटरप्ट कंट्रोलरमध्ये. त्याच्या ३४० हेक्स या ऑफसेटला परफॉर्मन्स काउंटरची एलव्हीटी नोंद (इंटरप्ट कसा पोचवायचा ते सांगणारी) असते, आणि हा इंटरप्ट एकदा पोचवला की हार्डवेअर स्वतःहून तिथला मास्क बिट लावून टाकतं, म्हणजे पुढचे इंटरप्ट बंद. टायमरच्या नोंदीत असं होत नाही म्हणून डोक्यातच येत नाही. तेव्हा हँडलरमध्ये प्रत्येक वेळी ओव्हरफ्लोचा बिट हेक्स ३९० मधून साफ करा, काउंटरमध्ये परत उणे आकडा भरा, आणि एलव्हीटीचा मास्क काढा.

सुरुवातीला साधा व्हेक्टर, म्हणजे नेहमीचा इंटरप्ट, वापरा. त्याने एवढंच होईल की कर्नल इंटरप्ट बंद करून जे काम करतं तिथले सगळे सॅम्पल एसटीआय (इंटरप्ट परत चालू करणारी इन्स्ट्रक्शन) च्या नंतरच्या ओळीवर गोळा झालेले दिसतील. ते नको असेल तर एनएमआय (बंद करता न येणारा इंटरप्ट) वापरा, पण मग हँडलरमध्ये कुठलंच लॉक घेऊ नका, ज्या कोडला मधेच थांबवलंय त्याच्याच हातात ते लॉक असू शकतं.

काउंटर चारच आहेत आणि कोणी सहा गोष्टी मागितल्या तर? लिनक्स आळीपाळीने मोजतं आणि वेळेच्या प्रमाणात आकडा वाढवून सांगतं. तुम्ही सरळ एरर परत करा. छोट्या कर्नलमध्ये अंदाजे आकड्यापेक्षा "जागा नाही" हे उत्तर बरं असं माझं ठाम मत आहे.

रास्पबेरी पाय ४ वर जाणार असाल तर तिथे ६ काउंटर अधिक सायकलचा एक वेगळा. ते ६ मात्र ३२ बिटचेच, १.५ गिगाहर्ट्झला सायकल त्यांच्यात मोजल्या तर तीन सेकंदांच्या आत भरतात, त्यामुळे नुसती वजाबाकी पुरत नाही, ओव्हरफ्लोचा इंटरप्ट किंवा टायमरमधून वाचन लागतंच. आणि चार कोरचे चार वेगळे इंटरप्ट, ४८ ते ५१, प्रत्येक जण गिकमध्ये (तिथला इंटरप्ट कंट्रोलर) आपापल्या कोरकडे वळवायला लागतो.

वाचायला कोड हवा असेल तर लिनक्समध्ये ही सोय २००९ ला २.६.३१ मध्ये आली, पण तो कोड आता लई वाढलाय. मला फ्रीबीएसडीचं एचडब्ल्यूपीएमसी जास्त समजलं, २००५ च्या ६.० पासून आहे, प्रोसेसरचा भाग आणि कॉमन भाग त्यात वेगळे ठेवलेत, कॉन्टेक्स्ट स्विचचं कॉमन भागात सापडेल.

माझं सॅम्पलिंग पहिल्यांदा नीट चाललं तेव्हा पत्त्यांची यादी काढली, वाटलं होतं शेड्युलर वर दिसेल, तर बहुतेक सगळे सॅम्पल स्क्रीन वर सरकवणाऱ्या फंक्शनमध्ये, कारण प्रत्येक नव्या ओळीला ते अख्खा फ्रेमबफर (स्क्रीनवर दिसणारी मेमरी) वाचून परत लिहीत होतं आणि फ्रेमबफर वाचणं भयंकर हळू असतं. साध्या रॅममध्ये एक कॉपी ठेवून तिथून लिहायला लागलो आणि बूट होताना डोळ्याला फरक दिसला. तुमचंही स्क्रोल तसंच लिहिलेलं असेल तर यादीत आधी ते शोधा.