यंत्राच्या मांडीला मांडी लावून

प्रश्न : ‘नाइन इंच नेल्स’ या अमेरिकी इंडस्ट्रियल रॉक बँडची गाणी ट्रेंट रेझ्नर बहुतांशी संगणक आणि तालयंत्रे यांच्या मदतीने स्टुडिओत स्वतःच रचतात, असे वाचनात आले. ताल जर यंत्रच देत असेल, तर कार्यक्रमात ड्रमवादक कशासाठी बसवायचा, आणि चाहते त्याच्याविषयी इतक्या आपुलकीने का बोलतात?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि ती या संगीतप्रकाराच्या जन्माइतकीच जुनी आहे. ज्यांच्या 1976 मधील ध्वनिमुद्रण संस्थेवरून ‘इंडस्ट्रियल’ हे नाव रूढ झाले, त्या इंग्लंडमधील थ्रॉबिंग ग्रिसल या गटात ड्रमवादक नव्हताच. रेझ्नर यांनीही 1988 च्या सुमारास ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरात, ज्या स्टुडिओत ते साफसफाईपासून पडेल ते काम करीत होते, तिथेच रात्री खोली मोकळी मिळाली की एकट्याने गाणी मुद्रित केली, आणि 1989 च्या ‘प्रिटी हेट मशीन’ या पहिल्या अल्बमचा ताल मुख्यतः यंत्रांवरच उभा आहे.

मंचावर मात्र अडचण अशी येते की, या गाण्यांतील शेकडो बारीक आवाज, म्हणजे कापून जोडलेले नाद, घरघर, उलटे फिरवलेले सूर, हे चार-पाच माणसांच्या हातांनी वाजवता येण्याजोगे नसतात. ते पूर्वी फितीवरून आणि नंतर संगणकावरून सोडावे लागतात. एकदा सोडलेले यंत्र कुणासाठी थांबत नाही. म्हणून ड्रमवादकाच्या कानात मेट्रोनोमसारखी एकसारखी टिकटिक, म्हणजे क्लिक ट्रॅक, चालू ठेवतात, आणि बाकीचे वादक ड्रमवादकाकडे पाहून चालतात. एकल तबलावादनातील लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवत पुन्हापुन्हा वाजणारी धून, आपण ऐकला असेल. हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा धरणारा माणूस असतो. तबलावादकाने नुसती नजर टाकली तरी तो सांभाळून घेतो. इथला लेहरा बहिरा आहे. त्याच्या मांडीला मांडी लावून तासभर बसायचे, एकदाही मागे-पुढे व्हायचे नाही, आणि तरीही समोरच्या हजारो लोकांना वादन यांत्रिक वाटता कामा नये, हे त्या खुर्चीवरचे खरे काम आहे. ते ज्याला साधते त्याच्याविषयी चाहते हळवे होतात, यात मला तरी नवल वाटत नाही.

प्रश्न : मी काही वर्षे तबला शिकलो आहे. ‘मार्च ऑफ द पिग्ज’ या गाण्याचे आवर्तन मोजताना दर वेळी माझी सम चुकते. या गाण्याला नेमका ठेका कोणता?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण बहुधा सात-सातच मोजत राहता आणि तिथेच फसता. 1994 च्या ‘द डाउनवर्ड स्पायरल’ या अल्बममधील या गाण्याचे आवर्तन 29 मात्रांचे आहे : सात, सात, सात आणि शेवटी आठ. आपल्या भाषेत सांगायचे तर रूपकाची तीन आवर्तने आणि त्यांना जोडून केरव्याचे एक. चौथ्या वेळी जी एक मात्रा वाढते, तिच्यामुळे ऐकणाऱ्याचा पाय हवेत राहतो आणि पुढचे आवर्तन अंगावर आल्यासारखे वाटते. तुलना मात्र मात्रांच्या संख्येपुरतीच ठेवावी, कारण रूपकाची सम ‘खाली’ या बिनजोराच्या मात्रेवर असते, तर इथली पहिली मात्रा चांगलीच भरीव आहे.

शिवाय गाण्याची लय मिनिटाला सुमारे 269 ठोके अशी सांगितली जाते, म्हणजे बोटे मोडून मोजायला सवडच नाही. एवढ्या धुमश्चक्रीतून सगळा बँड एका क्षणी अचानक थांबतो आणि पियानोची एक जवळजवळ बाळबोध म्हणावी अशी ओळ वाजते. ध्वनिमुद्रिकेवर ही स्तब्धता संपादनाने साधता येते; मंचावर मात्र ड्रमवादकाला हाताने सिंबल, म्हणजे ड्रमसोबतची धातूची झांज, दाबून धरावी लागते, आणि उमटलेला ठोका जितका महत्त्वाचा तितकाच हा दाबून टाकलेलाही. या गाण्याच्या चित्रफितीत पांढऱ्या पार्श्वभूमीवर बँड सलग वाजवताना दिसतो. तीत रेझ्नर माइकचा स्टँड पुन्हापुन्हा भिरकावतात आणि मागे ड्रमवर क्रिस व्हरेना आहेत. सम सापडेपर्यंत रेझ्नर यांच्याकडे न पाहता व्हरेना यांच्या उजव्या हाताकडे पाहावे, अशी माझी सूचना आहे.

प्रश्न : आमच्या मित्रमंडळात दर वेळी एकच वाद होतो. व्हरेना, जेरोम डिलन, जॉश फ्रीझ आणि इलान रुबिन यांपैकी या बँडचा सर्वांत चांगला ड्रमवादक कोण? आपण निकाल द्यावा.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : निकाल देण्याइतका मी निःपक्षपाती नाही, हे आधीच कबूल करतो. तरीही मला वाटते की, आपल्या मंडळींनी हात किती वेगाने चालतो हे मोजण्याऐवजी यंत्राशी कोणी कसे जमवून घेतले हे पाहिले, तर वाद थोडा शहाणपणाचा होईल.

व्हरेना हे आरंभीच्या दिवसांतले सोबती. यंत्राचे काम त्यांना आतून ठाऊक होते, आणि तरी त्यांचे वादन चौघांत सर्वांत अस्ताव्यस्त वाटते. त्या काळी मंचावर वाद्ये फुटत आणि वादक एकमेकांवर आदळत, त्यात लय धरून ठेवणारी खुर्ची ही एकच स्थिर जागा होती. 13 ऑगस्ट 1994 रोजी न्यूयॉर्क राज्यातील सॉगर्टीज येथे झालेल्या ‘वुडस्टॉक 94’ या संगीत महोत्सवातला त्यांचा कार्यक्रम सर्वांना ठाऊक असतो तो चिखलामुळे. मंचाकडे येतानाच मंडळी चिखलात लोळली आणि तशीच माखलेल्या अंगाने वाजवायला उभी राहिली. त्या चिखलाखाली वादन किती घट्ट होते याकडे सहसा लक्ष जात नाही. त्या दिवशीच्या ‘हॅपिनेस इन स्लेव्हरी’ या गाण्याला 1996 मध्ये सर्वोत्कृष्ट मेटल सादरीकरणाचे ग्रॅमी मिळाले, आणि ते स्टुडिओतील मूळ मुद्रणाला नसून या प्रत्यक्ष सादरीकरणाला मिळाले, ही गोष्ट ज्यांना हा बँड म्हणजे केवळ संगणकाची करामत वाटते त्यांना आवर्जून सांगावी.

डिलन यांच्याकडे माझे झुकते माप आहे. 1999 च्या ‘द फ्रॅजाइल’ या दुहेरी अल्बमनंतरच्या दौऱ्यात ते आले. त्या अल्बममधील संगीत पूर्वीपेक्षा संथ, थरांवर थर चढवलेले आणि जागोजागी श्वास घेणारे होते, त्यामुळे तिथे जोरापेक्षा संयमाची कसोटी होती. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अँड ऑल दॅट कुड हॅव बीन’ या डीव्हीडीत कार्यक्रमाच्या मध्यावर गाणी मंदावतात, व्हिडिओ कलावंत बिल व्हायोला यांनी घडवलेली पाण्याची दृश्ये पडद्यांवर उमटतात, आणि डिलन ठोका किंचित उशिरा, यंत्राच्या रेषेच्या अगदी पाठीला पाठ लावून ठेवतात. ती डीव्हीडी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझे लक्ष पडद्यांवर होते. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते ड्रमकडे गेले आणि त्यानंतर तिथेच राहिले. 2005 च्या दौऱ्यात प्रकृतीच्या कारणाने त्यांना थांबावे लागले. त्यांच्याविषयी पुरेसे लिहिले गेले नाही, असे मला नेहमी वाटते.

त्यांच्या जागी फ्रीझ आले. मधल्या काळात थोडे दिवस अॅलेक्स कारापेटिस यांनी काम सांभाळले. फ्रीझ म्हणजे कुणाच्याही गाण्यात बसतील असे व्यावसायिक वादक. डीव्हो, द व्हँडल्स, अ परफेक्ट सर्कल अशा एकमेकांशी फारसे नाते नसलेल्या बँडांतून ते वाजवून आलेले. 2005 च्या ‘विथ टीथ’ या अल्बमवर अनेक गाण्यांचे ड्रम ‘निर्वाणा’ या बँडचे एके काळचे ड्रमवादक डेव्ह ग्रोल यांनी वाजवले होते, आणि दांडगाईने वाजवलेले ते ठेके रोज रात्री उभे करायचे काम फ्रीझ यांच्याकडे आले. ते त्यांनी ग्रोल यांची नक्कल न करता, अधिक सरळ आणि कोरीव करून वाजवले. 2007 च्या ‘बिसाइड यू इन टाइम’ या चित्रीकरणात ते ऐकता येईल. यंत्राशी सर्वांत कमी भांडणारा वादक हाच. काही चाहत्यांना हा गुण वाटतो, काहींना दोष. मला तो दिवसागणिक गुणच वाटू लागला आहे.

रुबिन 2009 पासून या बँडसोबत दिसू लागले तेव्हा विशीत होते, आणि त्याआधी वयाच्या अकराव्या वर्षी ते ‘वुडस्टॉक 99’ मध्ये वाजवून आलेले होते. ड्रमखेरीज इतर वाद्येही ते वाजवतात, आणि म्हणूनच त्यांचा ठोका गाण्याच्या सुरांकडे कान देऊन पडतो. त्यांच्या वादनात भरणा जरा जास्त असतो, ही तक्रार मी ऐकली आहे आणि ती अगदीच खोटी नाही. पण 2013 च्या दौऱ्यात जुन्या गाण्यांना नवी चाल मिळाली, तिच्यात त्यांचा वाटा मोठा होता.

प्रश्न : चाहत्यांनीच या बँडच्या कार्यक्रमाचा संपूर्ण चित्रपट तयार केला, असे ऐकले. हे बँडच्या संमतीने झाले की चोरून?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : चोरून नव्हे, बँडनेच हात पुढे केला होता. 2008 च्या ‘लाइट्स इन द स्काय’ या दौऱ्यात मंचावर एकामागे एक असे पारदर्शक वाटणारे दिव्यांचे पडदे लावले होते, आणि वादक त्यांच्या मागे-पुढे होत असत. एका गाण्यात तर पडद्यावर तालयंत्राच्या चौकोनांच्या रांगा दिसत आणि तिथेच, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, एकेक चौकोन उजळवून ताल रचला जाई, म्हणजे जी गोष्ट एरवी यंत्राच्या पोटात दडलेली असते, ती फळ्यावर मांडून दाखवली जाई. आधीच्या उत्तरांत ज्याविषयी मी इतके शब्द खर्च केले, ते तिथे एका नजरेत कळत होते.

या दौऱ्याच्या शेवटच्या टप्प्यात, डिसेंबर 2008 मध्ये, व्हिक्टोरिया, पोर्टलंड आणि सॅक्रामेंटो या तीन शहरांतील कार्यक्रमांचे उच्च दर्जाचे चित्रीकरण झाले होते. अधिकृत चित्रपटाचे काही जमले नाही, तेव्हा जानेवारी 2009 मध्ये ते 400 गिगाबाइटहून अधिक कच्चे चित्रीकरण टॉरेंटद्वारे सर्वांसाठी खुले करण्यात आले. निरनिराळ्या देशांतल्या चाहत्यांनी कामे वाटून घेतली. कुणी संकलन केले, कुणी आवाज जुळवला, कुणी डिस्कची वेष्टने आखली. त्यातून ‘अनदर व्हर्शन ऑफ द ट्रुथ’ हा संच सिद्ध झाला आणि तो विनामूल्य वाटला गेला. याच सुमारास फ्रीझ यांनी घरी बाळ येणार म्हणून बँड सोडला, त्यामुळे त्या पर्वातील त्यांचे वादन नीट जपले गेले ते या मंडळींच्या हौसेमुळे. संकलन करणारे स्वतः चाहते असल्याने कॅमेरा ड्रमवर पुरेसा वेळ रेंगाळतो. व्यावसायिक चित्रीकरणात गायकाचा चेहरा पाहून पाहून कंटाळा येतो, तो इथे येत नाही.

प्रश्न : 2025 मध्ये रुबिन आणि फ्रीझ यांची अदलाबदल झाली म्हणे. आणि ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ मध्ये यांपैकी कोणाचा समावेश आहे?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : अदलाबदल हाच शब्द योग्य आहे. फू फायटर्स या बँडचे ड्रमवादक टेलर हॉकिन्स 2022 मध्ये निवर्तले आणि 2023 मध्ये त्यांच्या जागी फ्रीझ गेले. मे 2025 मध्ये त्यांना तिथून निरोप मिळाला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये डब्लिनहून ‘पील इट बॅक’ हा नाइन इंच नेल्सचा दौरा रुबिन यांच्यासह सुरू झाला, आणि युरोपचा टप्पा आटोपल्यावर रुबिन फू फायटर्सकडे, तर फ्रीझ ऑगस्टमध्ये अमेरिकेचा टप्पा सुरू होताना आपल्या जुन्या खुर्चीवर आले. सोयरीक मोडलेल्या दोन घरांनी नंतर एकमेकांकडेच सोयरीक करावी, असा हा प्रकार झाला.

हॉल ऑफ फेममध्ये बँडचा समावेश 2020 मध्ये झाला. त्या यादीत ड्रमवादकांपैकी व्हरेना आणि रुबिन आहेत; फ्रीझ आणि डिलन नाहीत. डिलन यांच्याविषयी माझे मत वर आले आहेच, ते इथे पुन्हा उगाळत नाही.

प्रश्न : मला रॉक संगीताची सवय नाही. या बँडचा प्रत्यक्ष कार्यक्रम पाहायला कुठून सुरुवात करावी?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : शेवटापासून करावी. बहुतेक कार्यक्रमांची सांगता ‘हर्ट’ या गाण्याने होते. 2002 च्या डीव्हीडीतले ते गाणे आधी पाहा. त्याच्या बऱ्याचशा भागात ड्रमवादकाला काहीच काम नसते. दीड-दोन तास घाम गाळलेला माणूस काठ्या खाली घेऊन, अंधारात, आपली वेळ येण्याची वाट पाहत बसलेला असतो. त्याने काठ्या उचलल्या की आवाज थोडा वाढवा.