राजीनाम्याआधी झोप: दोन लहान मुलं आणि पूर्णवेळ नोकरी

“राजीनामा लिहून ठेवलाय. द्यायचा की नाही, एवढंच सांगा.” पिंपरी-चिंचवडच्या एका आईनं आमच्याकडे समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत हे विचारलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ती बँकेत नोकरीला आहे, नवरा चाकणच्या कारखान्यात. मुलगी तीन वर्षांची, मुलगा दहा महिन्यांचा. सोबत सासूबाई आहेत, पण गुडघ्यांमुळे त्यांना बाळाला कडेवर घेऊन उठता येत नाही. “सगळ्या जणींना जमतं, मीच कमी पडते,” हे वाक्य तिच्या बोलण्यात पुन:पुन्हा येत होतं.

महिनोन्महिने सलग झोप मिळालेली नसताना नोकरीचा निर्णय घेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. आधी तब्येत आणि झोप, मग घरातली कामं आणि नोकरीचा विचार सगळ्यात शेवटी.

तब्येतीसाठी आम्ही एडिनबरा प्रश्नावली वापरतो. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठीचे ते दहा प्रश्न आहेत, एकूण गुण ३०. तेरा किंवा त्याहून जास्त गुण आले तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. शेवटचा प्रश्न स्वत:ला इजा करण्याच्या विचारांचा असतो. त्याला ‘कधीच नाही’ सोडून दुसरं कुठलंही उत्तर आलं, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी पाठवतो. (असे विचार येत असतील तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कुठल्याही वेळी बोलता येतं.) हिचे गुण ११ आले, म्हणजे पंधरा दिवसांनी पुन्हा पाहायचं. सोबत हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करायला सांगितली. हिमोग्लोबिन ९.४ निघालं. जिना चढताना लागणारी धाप आणि सतत येणारी चिडचिड यांचं निदान एक कारण तरी कागदावर आलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नको, हे मुद्दाम सांगावं लागलं, कारण ती गोळी सकाळच्या चहाबरोबरच घेत होती.

मग नवरा-बायको दोघांना तीन दिवसांची नोंद करायला दिली: दोन कामाचे दिवस आणि एक रविवार. अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने. प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी लिहायच्या: काम कुणी केलं, आणि ते करायचं आहे हे कुणाच्या लक्षात आलं. दुसरा रकाना बहुतेकांना आधी निरर्थक वाटतो, पण खरं दुखणं त्यातच सापडतं. नवरा मुलीला प्लेग्रुपला सोडत होता, भाजी आणत होता, लसीला बाळाला घेऊन गेला होता. मात्र दुसऱ्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे तिचंच नाव. भाजी कोणती, लस कधी, डायपर किती उरले, प्लेग्रुपमध्ये उद्या पिवळे कपडे घालायचे आहेत, हे सगळं बँकेच्या काउंटरवर बसूनही तीच डोक्यात वागवत होती. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या पाहणीत स्वत:च्या घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्या कामांत जाणारा रोजचा वेळ सरासरी २९९ मिनिटं आला, अशी कामं करणाऱ्या पुरुषांचा ९७. लक्षात ठेवण्याचं काम या मिनिटांत धरायचं म्हटलं तरी मोजणं अवघड आहे.

म्हणून कामं अर्धी-अर्धी वाटली नाहीत. अर्ध्या वाटणीत एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं करायचं, हेच पुन्हा सुरू होतं. अख्खी कामं सोपवली. लसीकरण पूर्ण नवऱ्याकडे: कार्ड कुठे आहे, पुढची लस कधी (नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची झाली होती, दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत), रजा कुणी टाकायची, रात्री ताप आला तर औषध किती, सगळं त्यानं पाहायचं. मुलीचं प्लेग्रुप आणि भाजी-किराणाही त्याच्याकडे. पहिल्या आठवड्यात कोथिंबीर आली नाही आणि डायपर रविवारी रात्री संपले. तिला आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की अशा वेळी आठवण करायची नाही, तोच दुकानात जाईल. तो गेला. हे गप्प राहणं तिला सगळ्यात जड गेलं.

रात्रीचा प्रश्न जास्त नाजूक होता. बाळ तीनदा उठायचं आणि प्रत्येक वेळी अंगावर पिऊनच झोपायचं. ठरलं असं की तिनं साडेनऊला दुसऱ्या खोलीत झोपायचं आणि अडीचपर्यंत नवऱ्यानं सांभाळायचं. बाळ उठलं तर आधी थोपटायचं, मग वाटी-चमच्यानं काढून ठेवलेलं दूध. (असं दूध साध्या तापमानाला चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. आपल्या उन्हाळ्यात ते थेट फ्रिजमध्येच ठेवावं.) दुसऱ्याच रात्री बाळ अर्धा तास रडलं आणि सासूबाईंनी सुनेला उठवलं. पुढच्या भेटीला आम्ही त्यांनाही बोलावलं. त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं: “तो मशीनवर उभा असतो. झोप झाली नाही नि हात अडकला तर?” ही काळजी रास्त होती. म्हणून रोजच्याऐवजी शुक्रवार, शनिवार आणि मंगळवार या तीन रात्री ठरल्या. मंगळवारी त्यानं मुलीबरोबरच साडेआठला झोपायचं. आठवड्यातून तीनदा सलग पाच तास झोप मिळाल्यावर तिच्या बोलण्यातला सूर बदलला. दुसऱ्यांदा भरलेल्या प्रश्नावलीत गुण ७ आले.

स्वयंपाकात काय सोडायचं हे सासूबाईंनाच विचारलं. संध्याकाळी गरम पोळी हवी, बाकी चालेल, असं त्या म्हणाल्या. मग संध्याकाळच्या पोळ्यांना बाई लावली. बाईंचा खाडा झाला तर कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणायच्या, आणि त्या दिवशी कुणी नाक मुरडायचं नाही. आठवड्याच्या भाज्या ठरवून कागद फ्रिजवर लावला. बाळासाठी वेगळा कुकर बंद. वरण-भात मीठ-फोडणीआधी बाजूला काढायचा, मऊ कुस्करून वर तूप. वर्षाच्या आत मीठ-साखर नकोच. लहान मुलांच्या कपड्यांची इस्त्री पूर्ण बंद, फरशी एक दिवसाआड.

मुलगी संध्याकाळी सातला हमखास आकांडतांडव करायची, भावाला चावायची. घरच्यांना तो मत्सर वाटत होता. नोंद पाहिली तर तिचं शेवटचं खाणं चार वाजता व्हायचं. आई सव्वासातला घरात शिरली की थेट ओट्याशी. आता साडेसहाला आजी तिला केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू देते. आई आल्यावर पहिली वीस मिनिटं जमिनीवर बसते, दोन्ही मुलांसोबत, फोन बाजूला ठेवून. चावणं पूर्ण थांबलेलं नाही, बरंच कमी झालंय.

नोकरीचा विषय यानंतर काढला. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत, जेवणाच्या सुट्टीशिवाय, दिवसातून दोनदा बाळाला पाजण्यासाठी सुट्टी मिळण्याचा हक्क कायद्यानं दिला आहे, हे तिला माहीत नव्हतं. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. तिची शाखा छोटी, त्यामुळे त्याचा विषय लांबला. पण व्यवस्थापकांशी लेखी बोलून दोन्ही सुट्ट्या एकत्र करून संध्याकाळी लवकर निघायचं ठरलं. मूल आजारी पडलं तर सम तारखेला आईनं, विषम तारखेला बाबांनी रजा घ्यायची. पाळणाघर सुरू केल्यावर पहिले काही महिने सर्दी-ताप वरचेवर होतोच, तेव्हा दोघांनीही रजा राखून ठेवायला हव्यात.

राजीनामा तिनं दिलेला नाही. तीन महिन्यांनी पुन्हा विचार करायचा, असं लिहून तो कपाटात ठेवलाय. नवऱ्याला पुढच्या महिन्यात रात्रपाळी आहे. त्या आठवड्यांसाठी तिची आई साताऱ्याहून येणार आहे आणि रात्रीचा तक्ता नव्यानं मांडायचा आहे.