पी पफर गप्पींच्या टाकीत ठेवता येईल का?

नाही, पी पफर गप्पींसोबत ठेवू नका; तो त्यांच्या लांब शेपट्या कुरतडून टाकतो. मी हे मासे पाळतो, म्हणून सांगतो: जेमतेम ३ सेंटीमीटरचा हा मासा दिसतो गोंडस, पण स्वतःच्या हद्दीबाबत फार आक्रमक असतो. एकट्यासाठी २० लिटरची, भरपूर पाणवनस्पती असलेली टाकी पुरते. मासा आणण्याआधी फिल्टर काही आठवडे चालवून पाण्यातला माशांना विषारी असलेला अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आणा. खरी अडचण खाण्याची. कोरड्या दाण्यांकडे तो बहुधा ढुंकूनही पाहत नाही. त्याला छोट्या गोगलगायी, फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या), डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) असलं खाणं लागतं. गोगलगायी वेगळ्या बरणीत वाढवणं सोपं जातं. सहा-सात पफर एकत्र ठेवायचे असतील तर टाकी ८० लिटरच्या पुढची हवी. त्यात माद्या जास्त ठेवा आणि एकमेकांना दिसणार नाहीत असे आडोसे करा, नाहीतर नर भांडत राहतात. शक्यतो टाकीत पैदास केलेलेच मासे मागा. हा मूळचा केरळकडच्या पश्चिम घाटातल्या नद्यांमधला मासा आहे आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत तो असुरक्षित म्हणून नोंदला आहे.